विलायती गाडीत व्हॅनचं इंजिन

अप्पा, तुमच्या गाडीचं इंजिन मी काढून टाकलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तुम्हाला हे सांगायला दुसरं कुणी येणार नाही, म्हणून मीच सांगते. हैदराबादच्या एका जुन्या घराण्याकडून तुम्ही आणलेली ती हिरवी, बिनटपाची, दोन सीटची विलायती गाडी. सेलूत जिनिंगवाले शेठ कोण, असं कुणी विचारलं की लोक आधी तिचंच वर्णन करायचे. ती आता भाजीपाला वाहणाऱ्या व्हॅनच्या इंजिनावर चालते. ही व्हॅन जिंतूर रोडला उलटली होती. मागचा सांगाडा पार चेपला होता, पण इंजिनाला ओरखडा नव्हता. तुमच्या इंजिनासारखंच ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं आणि मागच्या चाकांना ताकद देतं, म्हणून कामाला सोयीचं होतं हे खरं. पण पुण्यातून याहून भारी इंजिन आणणं मला अवघड नव्हतं. मी हेच निवडलं, कारण ज्या व्हॅनमधून वांगी आणि कोथिंबीर बाजारात जायची, तिचं इंजिन तुमच्या साहेबी बॉनेटखाली बसलेलं मला बघायचं होतं.

कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे. नसेल तर तो दिवस पुन्हा सांगते. मी नऊ वर्षांची आहे. सकाळी गंगाखेडहून आईच्या माहेरचा निरोप आलाय, आजोबांची तब्येत नाजूक आहे, लगेच निघा. आई स्वयंपाकघरात परातीत पीठ तसंच सोडून उठते, हात धुते आणि म्हणते, "अवो, आत्ताची रेल्वे सापडंल, चला." तुम्ही म्हणता, "रेल्वेनं कशाला? गाडी हाय की." दोन सीटवर तुम्ही दोघं आणि मागं सामान ठेवायच्या फळीवर पाय दुमडून मी. ऊन लय कडक आहे. परभणीपर्यंत गाडी बरी चालते. पोखर्णीच्या अलीकडं मात्र बॉनेटमधून वाफ येते आणि तुम्ही ती लिंबाच्या झाडाखाली घेता. इंजिन थंड होईस्तोवर झाकण उघडता येत नाही, हे तुम्ही आईला समजावून सांगता. पदरात विभूतीची पुडी घट्ट धरून आई रस्त्याकडं बघत बसते.

तेवढ्यात गंगाखेडची एसटी येते आणि हात न करताच थांबते. कंडक्टर दारातून वाकून म्हणतो, "शेठ, बाईला अन् पोरीला पाठवून द्या की. जागा हाय." आई उठून उभी राहिली होती, अप्पा. चप्पल पायात घालून तिनं एक पाऊल पुढं टाकलं होतं. तुम्ही हसून कंडक्टरला म्हणालात, "जा तू. दहा मिनटात आमी तुज्या पुढं निघून जातो." सगळी बस खिडक्यांतून आपल्याकडं बघत होती. तुमची बायको तुमची गाडी सोडून एसटीत चढली असं त्या लोकांनी बघू नये, एवढ्यासाठी तुम्ही ती बस जाऊ दिली. त्यानंतर गाडी आणखी दोनदा उकळली. आपण पोचलो तेव्हा आजोबांना जाऊन अर्धा तास झाला होता. आपल्यात माणसाला बसवून नेतात. ओसरीवर भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून त्यांना बसवलेलं होतं, आणि दारातून मला वाटलं, आजोबा आमची वाट बघत बसलेत. मामी आईच्या गळ्यात पडून सांगत होती की शेवटपर्यंत ते दाराकडं बघत होते. मी तुम्हाला शोधायला बाहेर आले, तर तुम्ही गल्लीत बॉनेट उघडून उभे होता, चार माणसं वाकून आत बघत होती आणि तुम्ही त्यांना इंजिन कसं मूळचं आहे, एक नटसुद्धा बदललेला नाही, ते सांगत होता.

आईनं त्यावर तुम्हाला कधी एक शब्द विचारला नाही. तुम्ही होता तोवर ती त्या गाडीत पुन्हा बसली नाही, एवढंच. तुमच्या ते लक्षात तरी आलं का, मला माहीत नाही. मी मात्र त्या दिवसापासून रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप यांच्याच मागं लागले. गाडी का उकळते, याचं उत्तर मला पाहिजे होतं. एकोणिसाव्या वर्षी इंजिनिअरिंगच्या सुट्टीत घरी आले तेव्हा ते माझ्याकडं होतं. जिनिंगच्या आवारात तुमच्या सीटवर बसून मी किल्ली फिरवली आणि तुम्ही आलात तेव्हा म्हणाले, "अप्पा, विजेवरचा पंखा अन् मोठा रेडिएटर बसवू. पुन्हा उकळणार नाही." कापसाचे व्यापारी उभे होते, मुनीम उभे होते. तुम्ही दंडाला धरून मला खाली ओढलंत. "चार बुकं शिकलीस म्हणून इंग्रजाच्या गाडीला अक्कल शिकवायलीस का? उतर. पोरीच्या जातीनं हिच्या चाकाला हात लावायचा न्हाई." व्यापारी हसले. तुम्हीही हसलात. दंडावरचे वळ आठवडाभर होते. आईनं त्यावर हळद लावली.

पुढं पुण्यात मी सत्तावीस वर्षं इंजिनं तपासायच्याच कामात काढली, हे तुम्ही पाहुण्यांना कधी सांगितलं नाहीत. तुमच्या मागं गाडी ताडपत्रीखाली पडून होती. मागच्या वर्षी नोकरी सोडून मी आईजवळ सेलूला आले आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. काय करायचंय ते ऐकून म्हातारा खालीच बसला. "नक्को बेटी. ये काम मेरे हात से नक्को कराव. शेठ इसमें एक बोल्ट बदलने नहीं देते थे."

"म्हणूनच करायचंय, चाचा."

चाचा म्हणाले, "गुस्सा मशीन पे नक्को निकालो." मी म्हटलं, राग मशीनवर नाही. दुसऱ्या दिवशी ते हत्यारांची पेटी घेऊन आले, कारण मी एकटीनं केलं असतं तर वाईट झालं असतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

चार महिने लागले. चेनपुलीनं तुमचं इंजिन वर उचललं तेव्हा खालून काळं तेल टपकत होतं. गिअरबॉक्ससाठी मधला पत्रा कापावा लागला. तो मी स्वतः कापला, चाचांना कटरला हात लावू दिला नाही. नवं इंजिन ज्यावर टेकतं ते पाय वेल्ड केले, मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट परभणीला नेऊन आखूड करून घेतला, वायरिंगचं जंजाळ आईच्या स्वयंपाकघरात जमिनीवर पसरून एकेक तार लावली. आई भाकरी करता करता तारांवरून पाय टाकून ये-जा करायची. आरटीओत नव्या इंजिनाची नोंद करून घेतली. तुमचं जुनं इंजिन जपून ठेवा, असं हैदराबादच्या तुमच्या मित्रानं फोनवर विनवलं. मी ते हातगाड्यावर घालून भंगारवाल्याकडं नेलं आणि त्याच्या माणसानं घण घालून तो बिडाचा ब्लॉक फोडेपर्यंत उन्हात उभी राहिले. सातव्या घावाला तो फुटला. चाचा त्या दिवशी कामावर आले नाहीत. मला वाईट वाटलं नाही, अप्पा. घरी येऊन मी पोटभर जेवले.

मग मी आईला म्हणाले, चल, गंगाखेडला. ती नको नको म्हणत होती. शहात्तर वर्षांची आहे ती. शेवटी माझं मन मोडवेना म्हणून बसली. ऐन वैशाखात, भर दुपारी निघालो, मुद्दाम. परभणी गेलं. उष्णतेचा काटा मध्यावर चिकटून होता. पोखर्णीच्या अलीकडं मी आणखी वेग घेतला. इथं आता काहीच थांबणार नाही, हे मला तिला दाखवायचं होतं.

"थांबीव," आई म्हणाली.

"आई, गाडी एकदम बरी हाय. बघ की, काटा—"

"थांबीव म्हन्ते ना."

थांबवली. ते झाड आता नाही, रस्ता रुंद झालाय. आई दाराला धरून खाली उतरली, पदर डोक्यावर ओढून थोडा वेळ उभी राहिली. बॉनेटमधून वाफेचा मागमूस नव्हता, इंजिन घड्याळासारखं चालू होतं. ते तिनं ऐकावं म्हणून मी ते बंद केलं नव्हतं.

"हे तू कुनाला दाखवायलीस?" तिनं विचारलं. "मला, का त्यांला?"

"त्यांनी तुला बसमध्ये चढू दिलं नाही, आई."

"न्हाई दिलं. मला ठावं हाय. तिथं मी हुते." ती परत बसली आणि दार ओढून घेतलं. "चल आता. ऊन लागायलं."

ठरल्या वेळेत पोचलो. आजोबांच्या समाधीवर तिनं बेल वाहिला, विभूती लावली, मामेभावाच्या घरी चहा घेतला. निघायच्या वेळी म्हणाली, "तुजी गाडी लय खाली हाय, गुडघे धरले माझे. मी रेल्वेनं येते." मामेभाऊ सोबत निघाला. दोघं रिक्षानं स्टेशनवर गेली.

हे पत्र मी कुणालाही दाखवणार नाही. आईला तर नाहीच. सगळ्यांना मी सांगत आले की हे आईसाठी केलं, आणि इथवर लिहिताना तुम्हालाही तेच सांगत होते. पण त्या दिवशी परतताना गंगाखेडहून परभणीपर्यंत रस्ता मोकळा होता, वारं तोंडावर येत होतं आणि मी एकटी होते. अप्पा, त्या सबंध वाटेत मला आईची एकदाही आठवण आली नाही.