महिन्याचं रनिंग

कोल्हापूर,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

रत्नाबाई यांस,
नंदिनीचा जयजिनेंद्र.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि कलेक्टर कचेरीत असल्या अन्यायाला खिडकी नाही. एका कोऱ्या करकरीत मोटारीनं मला ताराराणी चौकात, भर सिग्नलला, दळणाच्या डब्याला पट्टा बांधायला लावला.

झालं असं. शोरूमला जाता जाता मी गिरणीतून दळण घेतलं होतं. तिथं म्हणाले, गाडी चालवून बघा. डबा ठेवला डाव्या सीटवर. गाडी निघाली आणि तिनं टीं टीं टीं असा आक्रोश मांडला. मागं शोरूमची अनुजा नावाची पोरगी बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, सीटवर वजन आलं की गाडीला वाटतं माणूस बसलंय. बेल्ट लावा की डब्याला, गप्प बसंल ती." लावला. जोंधळ्याच्या पिठाला एवढा मान आमच्या घराण्यात आजवर कुणी दिला नसेल. शेजारच्या रिक्षावाल्यानं सिग्नल हिरवा झाला तरी रिक्षा हलवली नाही, बघतच राहिला. डबा मात्र तुमच्यापेक्षा गुणी. वळणावर "बिरेक! बिरेक दाबा!" म्हणून ओरडला नाही, की पुढच्या ट्रॅक्टरवाल्याचं घराणं काढलं नाही.

तुम्ही कशा आहात? गुडघा काय म्हणतो? ऊस गेला की अजून तोडीची वाट बघताय?

इकडं सगळं बरं आहे. आमचा अर्णव बंगळूरला मजेत असावा. रविवारी फोन करतो आणि "बाकी?" असं विचारतो. बाकी काही नसतं, मग ठेवतो. माझं पेपरातलं सदर चालू आहे. संपादक म्हणतात, हल्ली तुमच्या लेखणीला फार धार आलीय. घरात बोलायला कुणी नसलं की येते.

तर, मी गाडी बदलायचं म्हणतेय. डाळिंबी गाडीला अकरा वर्षं झाली. लहान गाडी घ्यायची तर टिकाऊ कुठली, असं मी चार जणांना विचारलं आणि पाच उत्तरं मिळाली. वरच्या मजल्यावरचे त्र्यंबकराव म्हणाले, जिचा पार्ट खेड्यातल्या दुकानातही मिळतो ती गाडी टिकाऊ. त्यांच्या बायकोच्या मते, जी गाडी त्र्यंबकराव चालवत नाहीत ती टिकाऊ. मला दोन्ही पटलं.

पेट्रोलचं तर विचारूच नका. शंभरच्या वर जाऊन बसलंय ते खाली उतरायचं नाव घेत नाही. तुम्ही एकदा पंपावरचे आकडे पळताना बघून म्हणाला होतात, "आमी म्हशीचं दूध पन्नासनं घालतोय डेरीला, आन तुमी ह्यो वास शंभरनं घेताय? ह्यापरास म्हस जुंपा की गाडीला." पंपावरचा माणूस एवढा हसला की पेट्रोल सांडलं. ते सांडलेलं कुणाच्या हिशेबात, यावर तुम्ही मग त्याच्याशी भांडलात.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, म्हणजे उसाचंच काहीतरी. त्यानं ॲव्हरेज पडतो अशी सगळ्यांची ओरड आहे. माझी नाही. तुमचा ऊस कारखान्याला जातो आणि कुठं कुठं फिरून शेवटी माझ्या टाकीत येतो, असं मी धरून चालते. ॲव्हरेज पडला तर पडला. नेसरीहून सध्या एवढंच काय ते येतं.

अनुजाचं म्हणणं, हायब्रिड घ्या. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिनही असतं आणि बॅटरीही. कधी हे ओढतं, कधी ती ओढते, कुणी कधी दमायचं ते दोघांचं आपापसांत ठरलेलं. चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी विचारलं, "असं गुण्यागोविंदानं किती दिवस चालतं?" ती म्हणाली, "बॅटरीला आठ वर्षं वॉरंटी आहे, मॅडम." आपल्या पोरांचं चारच वर्षं चाललं. तेही लग्नात एवढे लाडू करून.

मग तिनं मांडीवर टॅब घेतला आणि विचारलं, "मॅडम, महिन्याचं रनिंग किती तुमचं?"

मी म्हटलं, "हजार-बाराशे."

"रोज ऑफिसला जाता?"

"नाही गं. दर रविवारी नेसरीला."

"नेसरीला कोण असतं?"

"विहीण."

ती हसायलाच लागली. "दर रविवारी विहिणीकडं? मॅडम, माझ्या आईला आणि सासूला एका रिक्षात बसवून दाखवा, मी ही गाडी तुम्हाला फुकट देते."

मग तिनं आकडेमोड केली. साध्या गाडीपेक्षा हायब्रिड अडीच लाखांनी महाग. पण हजार-बाराशे रनिंग असलं तर दर किलोमीटरला पेट्रोलचे दोनेक रुपये वाचतात आणि नऊ-दहा वर्षांत वरचे पैसे फिटतात. "तुम्हाला परवडतंय," असा निकाल देऊन तिनं मला इवल्याशा कागदी कपात चहा दिला. औषध द्यावं तसा.

घरी येऊन मी खऱ्या रनिंगवर तोच हिशेब केला. घर, मंडई, गिरणी, पेपरचं ऑफिस. महिन्याला शंभर किलोमीटर होतील, तेही मंडईत गाडी लावायला जागा मिळेना म्हणून दोन फेऱ्या जास्त मारल्या तर. या रनिंगवर हायब्रिडचे पैसे फिटायला शंभर वर्षं तरी लागतात. तेवढं जगायला माझी ना नाही. पण शंभर वर्षं मंडईलाच जायचं, हे जरा जड वाटलं.

तुम्ही म्हणाल, मग डाळिंबीला काय धाड भरलीय? मी पण तेच म्हणत होते. गेल्या महिन्यात ती एका सकाळी सुरूच होईना, तेव्हा मला मनातून बरं वाटलं. बदलायला कारण मिळालं. उद्यमनगरातल्या ज्ञानू मिस्त्रीकडं ओढून नेली. त्यानं बॉनेट उघडलं, बघितलं, खाली आपटलं.

"इंजिन एक नंबर हाय, मॅडम. हिला काय बी झालेलं न्हाय. उभी ऱ्हाऊन ऱ्हाऊन बॅटरी बसलीया. पयल्यासारकं लांब जात न्हाय व्हय आता?"

मी म्हटलं, "पेट्रोल फार महागलंय रे."

तर गाडी टिकाऊ आहे. मग नवी कशाला, ते आता लिहिते. एवढा कागद ते लिहायचं टाळण्यातच गेला.

मार्चमध्ये जिनेशचा मला फोन आला होता. तो तुम्हाला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. तुमचा मुलगा अगदी रीतीनं बोलला, त्याला नावं ठेवायला जागा नाही. म्हणाला, "काकू, राग मानू नका. आदितीचं दुसरीकडं बघतोय आम्ही. माणसं येतात, गल्लीत चौकशी करतात. पहिल्या घरची गाडी दर रविवारी दारात दिसली की..." पुढचं त्यानं सोडून दिलं. मग म्हणाला, "ती डाळिंबी गाडी सगळं गाव ओळखतंय, काकू."

मी म्हटलं, "बरोबर आहे बाबा तुझं." ते बरोबरच आहे. आदिती लेक तुमची, पण तिचं भलं व्हावं असं मला तुमच्या खालोखाल वाटतं. माझ्या घरात चार वर्षं दिवाळीला चकल्या तिनंच तळल्या आणि मोडलेल्या तेवढ्या आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभ्यानं खाल्ल्या. अर्णवला नुसत्या अख्ख्या दिसायच्या.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, गाव डाळिंबी ओळखतं ना, मग पांढरी घेऊ. पांढऱ्या गाड्या नेसरीत चिक्कार. कुणालाही वाटेल, बँकेचा माणूस वसुलीला आलाय. रत्नाबाई, आठ महिने मी टिकाऊपणा बघतेय, पेट्रोलचा भाव बघतेय, बॅटरी किती वर्षं टिकते ते शिकतेय, ते सगळं एवढ्यासाठी. तुमच्या दारात येणाऱ्या गाडीला कुणी ओळखू नये म्हणून. आणि परवा अनुजानं रंग निवडायला पुढं केले, पांढऱ्यातच तीन पांढरे, तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी कुठलीही घेतली तरी दार उघडून उतरणार मीच.

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मूर्खपणावर लिहून पोट भरणाऱ्या बाईला हे कळायला आठ महिने लागले.

मुलांनी किती समंजसपणे सगळं मिटवलं. मिक्सर आदितीकडं गेला, सोफा अर्णवकडं, कुंड्या निम्म्या-निम्म्या. अजून एकमेकांच्या वाढदिवसाला मेसेज करतात म्हणे. आपण दोघी तेवढ्या कुणाच्याच वाटणीला आलो नाही. वकिलानं एवढे कागद केले, त्यात आपलं काय करायचं हे कुठं लिहिलेलं नाही. मी सगळे वाचलेत.

लग्नात मी रुसून बसावं, अशी माझ्या नणंदांची फार इच्छा होती. वरमाईचा मान असतो ना. मी आपली कोपऱ्यात खुर्ची टाकून चेहरा जमवत होते, तेवढ्यात तुम्ही आलात, समोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आवं विहीणबाय, रुसायचं आसंल तर बिगीबिगी रुसून घ्या. दिस मावळायच्या आत जेवायचं आसतंय मला." मला रुसायला वेळच मिळाला नाही. आठवतंय का तुम्हाला? त्या दिवशी पंगतीत शेजारी बसलो ते बसलोच. पुढं राधानगरीचं धरण बघायला गेलो, तेव्हा तुम्ही पुढच्या सीटवर मांडी घालून बसला होतात आणि रस्त्यातल्या प्रत्येक शेताच्या मालकाला, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या लांबून, शेती शिकवत होतात.

जिनेश जे बोलला ते त्याचं होतं की तुमचं, हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही. आज तुम्हालाच विचारते. फोनवर विचारण्याची सोय नाही. तुमच्या घरचा फोन सगळ्यांच्या देखत वाजतो, आणि तुम्ही फोनवर बोललेलं पलीकडची चार घरं ऐकतात.

नेसरीत मी येत नाही. आदितीचं ठरेपर्यंत माझी गाडी तुमच्या दारात लागणार नाही, हे जिनेशला सांगितलंत तरी चालेल. पण रविवारी तुम्ही गडहिंग्लजला बाजाराला येता. सोळा तारखेच्या रविवारी सकाळी मी एसटी स्टँडच्या बाहेर गाडी लावून थांबेन. बसावंसं वाटलं नाही तर पिशवी घेऊन सरळ पुढं चालू लागा. तुमचा चष्मा घरी राहिला असं मी समजेन, आणि त्यावर काही लिहिणार नाही, पेपरातही नाही. बसावंसं वाटलं तर बाजार उरकू, कुठंतरी सावलीला बसू, आणि गावाच्या अलीकडं फाट्यावर तुम्हाला सोडीन. तिथून पुढं तुम्ही एसटीनं आलात असं म्हणायला मोकळ्या.

आज दुपारी अनुजाला फोन करून खरं रनिंग सांगितलं. तिनं फोनवरच पुन्हा आकडेमोड केली. मग म्हणाली, "मग मॅडम, हाय तीच चालवा की. कशाला उगं?" शोरूममध्ये या पोरीचा कसा निभाव लागणार, कोण जाणे.

आणखी एक राहिलं. शेवटच्या खेपेला गडहिंग्लजच्या पंपावर कार्डाचं मशीन बंद होतं आणि माझ्याकडं रोख नव्हती. तुम्ही कमरेच्या पिशवीतून चार घड्यांची पाचशेची नोट काढलीत. मी लाजले, तर म्हणालात, "ऱ्हाऊ द्या, फुडल्या रविवारी द्या." त्याच आठवड्यात जिनेशचा फोन आला. नोट पाकिटात घालून पाठवावी असं दोनदा मनात आलं. पण ती पाठवली असती तर आपल्या दोघींत काहीच बाकी राहिलं नसतं, म्हणून पाठवली नाही.

आज सकाळी पंपावर गेले. टाकीचा काटा तळाला होता. तुमच्या पाचशेचं पेट्रोल भरून घेतलं, वर एक रुपयाचं नाही. डाळिंबीच्या ॲव्हरेजनं ते गडहिंग्लजपर्यंत पुरतं. परतीचं भरलेलं नाही, ते तुमच्या कमरेच्या पिशवीवर सोडलंय.

कागदोपत्री तुमची कुणी नसलेली,
नंदिनी