पॅरिसला जाण्याआधी पाहायचे सिनेमे

बाबा,

पॅरिसला निघालेली माणसं अजून आपल्या दारात येत होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोणीतरी त्यांना सांगायचंच, की जाण्याआधी सरांच्या घरी जा, कोणते सिनेमे पाहून निघायचं ते विचारा. मग पॅरिसचं तोंडही न पाहिलेली मी त्यांना बसवायची, चहा करायची आणि तुमचे सिनेमे तुमच्याच शब्दांत सांगायची. गेल्या रविवारपासून हे बंद झालं. आता कोणी येणार नाही, आणि ती व्यवस्था मी केली आहे. हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पण आयुष्यभर तुम्ही बोललात आणि मी ऐकलं, आता एकदा तुम्ही गप्प बसून ऐका.

तुमचं पॅरिस धंतोलीतल्या घराघराला पाठ होतं. इंग्लंडहून परतताना चार दिवस तिथे उतरला होतात, तेवढ्या भांडवलावर जन्मभर ते शहर तुम्ही गावाला वाटलंत. महिन्यातून एका रविवारी सकाळी सीताबर्डीच्या थिएटरात आपल्या फिल्म सोसायटीचा खेळ असे. दिल्लीहून पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची. बोलणं सगळं फ्रेंच, आणि पडद्यावर खाली इंग्रजीची एक ओळ नाही. म्हणून आदल्या दिवशी आपल्या बैठकीच्या खोलीत भिंतीला चादर लावून तो सिनेमा चालवायचा, पाँडिचेरीत राहून आलेले तुमचे मित्र वाक्यावाक्याचा अर्थ सांगायचे, आणि रविवारी तुम्ही पडद्याच्या बाजूला माईक घेऊन उभे राहायचात. लोक सिनेमा पाहायला येत की तुम्हाला ऐकायला, देव जाणे. तुमचा आवाजच तसा होता. योग्य जागी थांबायचा, योग्य जागी भरून यायचा, आणि पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

मी तेव्हा बावीस वर्षांची. कापडावरची नक्षी शिकायला वर्षभरासाठी पॅरिसला माझी निवड झाली होती, शिष्यवृत्तीसकट. महिन्याभरात होकार कळवायचा होता. मी घाबरत घाबरत तुमच्यासमोर आले, तर तुम्ही हसलात.

"मी कुठं नाही म्हणून राहिलो? बापानं पोरीला अडवायचा जमाना गेला. फक्त जायच्या आधी ते शहर पाहून घे. यावेळी खास तुझ्यासाठी पॅरिसचाच सिनेमा मागवतो. तो पाहा, मग तूच ठरव."

असा बाप अख्ख्या नागपुरात नाही, हे मी मैत्रिणींच्या घरोघरी सांगून आले. त्या शनिवारी तुम्ही मला कन्हानला मावशीकडे कैऱ्या आणायला पाठवलंत. मीही आनंदाने गेले. पोतंभर कैऱ्या घेऊन परतले तेव्हा भिंतीवरची चादर निघाली होती.

एप्रिल होता. थिएटरच्या कूलरला नवं खस लावलेलं, त्याचा ओला वास सगळीकडे. मी दुसऱ्या रांगेत बसले आहे. पडद्यावर टोप्या शिवणारी एक मुलगी पहाटे घर सोडून निघते आणि पॅरिसला येते. तिचा बाप फक्त तिच्या बोलण्यात आहे, पडद्यावर तो अजून आलेला नाही. ती दुकानात राबते, उपाशी झोपते, एक देखणा माणूस तिला फसवतो. शेवटी ती बॅग उचलते आणि कुठल्याशा घराचा अंधारा जिना चढू लागते. वर एक म्हातारा दार उघडतो, काहीतरी बोलतो आणि तिच्या हातात किल्ली ठेवतो. ती त्याच्या दोन्ही गालांना गाल लावते, आत जाते, दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहते. संपलं.

"ती क्षमा मागते आहे," तुम्ही माईकवर म्हणालात, "आणि म्हातारा पिता एका शब्दानं जाब न विचारता घराची किल्ली पुन्हा लेकीच्या हातात ठेवतो. जिला एवढ्या मोठ्या शहरानं नाकारलं, तिला बापाच्या उंबरठ्यानं आत घेतलं." इथे तुमचा आवाज भरून आला. हॉलमध्ये हुंदके. माझाही त्यात होता.

बाहेर आलूबोंड्याच्या गाडीपाशी मीच म्हणाले, "बाबा, मी नाही जात." तुम्ही रुमालाला बोटं पुसलीत. "पाहा बुवा. निर्णय तुझा. मी काही म्हटलं नाही, हं." आणि मग जन्मभर, भेटेल त्याला, "आम्ही तं पाठवायला तयार होतो, तीच नाही गेली." मला पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही हे तुम्ही पोह्यांबरोबर वाढलंत, पोरीला घराची किती ओढ आहे याचा पुरावा म्हणून. त्यातलं एकही स्थळ जमलं नाही. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागले, आणि कमळं काढायला लावता लावता माझे केस पांढरे झाले.

गेल्या दिवाळीत मैत्रिणीच्या भावाने बाहेरून एक कॅसेट आणली. आम्ही भाड्याने व्हिडिओ आणून दुपारी ती लावली. तोच सिनेमा, आणि खाली इंग्रजी ओळी. शेवटी म्हातारा दार उघडतो आणि म्हणतो, किल्ली एकच आहे, हरवू नका, आणि वरच्या मजल्यावर पाणी फक्त सकाळी येतं. घरमालक! तिने पहिल्यांदाच स्वतःची खोली घेतली होती, बाबा. गालाला गाल लावणं ही तर तिथली रीत. ती हसत होती. अंधाऱ्या जिन्यात आम्हाला ते दिसलं नव्हतं, कारण आम्ही तुमच्या आवाजाकडे पाहत होतो.

तरी मी तुम्हाला सोडून दिलं असतं. भाषेचा घोटाळा झाला असेल, म्हणाले असते. पण आई शेजारी वाटाणे सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "हे तं मले तवाच माहीत होतं वं. शनिवारी त्यायच्या दोस्तानं सांगितलं ना, हा घरमालक आहे म्हणून. मी चहा देऊन राहिली होती."

"मग मला काहून सांगितलं नाहीस?"

"मले कोणी इचारलं?" वाटाण्याची एक शेंग तिने उगाच दोनदा सोलली. "आन् तू गेली असती तं मी या घरात बोलली कोणाशी असती?"

आईवर मला राग धरता आला नाही. ती निदान खरं बोलली. तुमच्यावरचा मात्र असा पेटला की मी सहा महिने तो जपून ठेवला, विझू दिला नाही.

तुमच्या स्मृतिदिनाला सोसायटी दरवर्षी एक सिनेमा दाखवते. यंदा कोणता, असं सभासद विचारायला आले, तेव्हा मी तोच सांगितला, आणि म्हटलं, बाबांच्या जागी माईकवर मी उभी राहते. सगळे गहिवरले. गेल्या रविवारी पडद्याच्या बाजूला तुमचा हार घातलेला फोटो, त्याच्या शेजारी मी. कॅसेट पाहून पाहून वाक्यन् वाक्य मला पाठ होतं. म्हाताऱ्याने दार उघडलं आणि मी म्हणाले, "हा घरमालक आहे." मागून एक जुने सभासद उठले. "अहो ताई, सरांनी तं सांगितलं होतं का तो तिचा बाप आहे!"

"सरांना शनिवारीच माहीत होतं," मी माईकवरच म्हणाले. "ते खोटं बोलले. मला पॅरिसला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि नाही म्हणायचा वाईटपणाही घ्यायचा नव्हता."

खेळ संपल्यावर एक काकू माझा हात धरून म्हणाल्या, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, बाई." मी म्हटलं, होते तेव्हा त्यांनी बोलू कुठे दिलं? आता धंतोलीत जो तो एकमेकांना विचारतो आहे, की सरांनी आणखी काय काय बदलून सांगितलं असेल. तुमच्या एकाही सिनेमावर आता कोणाचा भरवसा नाही. मला फार बरं वाटतं आहे, बाबा. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट मी तिथे कोणाला सांगितली नाही. किल्ली घेतल्यावर ती मुलगी आत जाते, बंद दाराला पाठ टेकून उभी राहते आणि काहीच बोलत नाही. कॅसेटवर त्या जागी एकही ओळ नाही. मी मात्र थोडं थांबले, आवाज खाली आणला आणि माईकवर म्हणाले, "ती म्हणते आहे, बाबा, मी आता परत येणार नाही." सगळा हॉल रडला. कोणालाही शंका आली नाही.