अण्णांचं ताट

अण्णा, तुमच्या फोटोपुढच्या ताटावरून आपल्या हॉटेलावर खटला भरायचं ठरलं आहे. हे कोणत्या तोंडाने सांगावं कळेना, म्हणून लिहायला बसलो. शाळा तुम्हीच सोडवलीत, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुम्ही गेल्यापासून रोज सकाळची पहिली पुरीभाजी तुमची. भट्टीशेजारच्या फळीवर तुमचा फोटो, पुढे ताट, आणि संध्याकाळी ते गाईला. तुम्ही आजीसाठी ठेवायचात तसंच. लहानपणी एकदा मी आजीच्या ताटातली पुरी उचलतो, आणि तुम्ही झारा न थांबवता म्हणता, "घे घे. आजी काही बोलत नाही ना." पुरी तोंडातच राहते.

उन्हाळ्यात भर दुपारी आरोग्य खात्याचे साहेब आले. सगळं बघून झालं, निघता निघता फळीकडे बोट केलं. "हे उघडं काय ठेवलंय?" माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सकाळचं आहे." त्यांनी त्याच भाजीचा नमुना नेला. भट्टीच्या धगीला ती आंबलेली. अहवाल वाईट आला. आता खटल्याआधी वरच्या साहेबांपुढे आपलं म्हणणं मांडता येतं, ते उद्या आहे. त्यांनी ऐकलं नाही तर कोर्ट, आणि लायसन्स जायची भीती.

तुमचा नातू कंप्युटरच्या कंपनीत आहे. तो म्हणतो, "बाबा, ते विकायला नव्हतं, एवढंच सांगायचंय."

"मग कोणासाठी होतं, विचारतील."

"आजोबांसाठी म्हणा."

"त्यांना बोलवा म्हणतील."

तो हसला. म्हणाला, नाहीतर बंदच करा, बिबवेवाडीत जागेला काय भाव आलाय बघा. अहो, पण मला दुसरं येतं काय? सकाळी उठून जायचं कुठे?

वकिलांनी सोपी वाट काढली. "काका, ते टाकून द्यायचं होतं असं लिहितो. सुटाल." मी मान डोलावली. घरी येऊन कागद वाचला आणि जेवण जाईना. तुमच्यासाठी वाढलेलं ताट मी टाकून द्यायचं म्हणून सही करू? परत गेलो. म्हटलं, "हे बदला. वडिलांसाठी वाढलेलं होतं, असं लिहा."

"साहेब हसतील हं."

"हसू देत."

त्यांनी बदललं. मी सही केली. आता एकच धास्ती, उद्या साहेबांनी विचारलं आणि माझ्या तोंडून पुन्हा "सकाळचं आहे" एवढंच निघालं तर? तुम्हाला लिहिलेला हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच. खिशात ठेवला तर नेमका हाच साहेबांपुढे निघायचा, म्हणून डाळीच्या डब्यामागे ठेवतो.

अजून एक राहिलं. आज सकाळी तुमचं ताट वाढलं, झाकणही घातलं. तेवढ्यात दारात पांढरा शर्ट, हातात फाईल. मी ताट ओढलं आणि भट्टीआड उभ्याउभ्या सगळं खाल्लं. बाहेर आलो तर तो म्हणाला, "काका, एक पुरीभाजी." तुमच्यासाठी दुसरं ताट वाढायचा धीर झाला नाही. फोटोकडे पाठ करूनच दिवसभर पुऱ्या तळल्या.