जुन्या कोर्साची एकटी

८ जुलै १९८६, पांढुर्णा

शाळेत माझ्यासाठी बेंचच नाही! जुनी अकरावी उडाली. आता म्हणे आधी दहावी, मग बारावी — नवा कोर्स. माझ्यासंगच्या साऱ्या पोरी पास होऊन निघून गेल्या. वत्सलाचं लग्न झालं, प्रमिला छिंदवाड्याले कॉलेजात. जुन्या कोर्साची उरली मी एकटी. हेडक्लर्क भैय्याजी चष्म्यावरून पाहत म्हणाले, "गाड़ी चली गई बेटी, तुम्हारा डिब्बा यहीं छूट गया." अन् स्वतःच हसले. त्याच्या टेबलावरची शाई त्याच्याच डोक्यावर ओतावी वाटली.

मग नीट समजावलं. बाकी विषयांचं काही नाही, पण मी ज्यात नापास झाली ते गृहविज्ञानाचं प्रॅक्टिकल वेगळं पास व्हावं लागते. त्याले पूरक परीक्षा नसते. अन् जुन्या कोर्साची ही शेवटची परीक्षा. ह्या खेपेले गेलं तर नव्या कोर्सात परत दहावीपासून — पोरासोरांसंगं!

नर्सिंगच्या डिप्लोम्याले हायर सेकंडरी पास पाहिजेच. मास्तरकीच्या डिप्लोम्यालेही. आठवीवर फक्त शिवणाचा भेटते.

१२ जुलै

बाबा बोरगावहून आले. "मग शिवणाचाच करून टाक ना बाई. आठवी तर तू कधीची पास आहे. कायले डोकं फोडून राहिली?"

मी म्हटलं, मले नर्सच व्हायचं. धाकट्याच्या वेळेस आई दवाखान्यात मरता मरता वाचली, तेव्हा त्या नर्सनं आईचा हात सोडला नव्हता. आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नव्हतं. बाबा जाताना आत्याले म्हणाले, "राहू दे हिले तुझ्याकडे एक वर्ष अजून."

२० जुलै

सारे विचारतात, गृहविज्ञानात कोणी नापास होते का? होते बापा!

मागच्या वर्षी बाहेरून आलेली परीक्षक साऱ्या पोरींची भाजी चाखत चाखत माझ्याजवळ आली. "घर किधर है?" मी मोहल्ला सांगितला. तिथं सारी आम्हा बौद्धांचीच घरं, हे तिले कोणीतरी सांगितलं असणारच. चमचा खाली ठेवला. "बस, पेट भर गया." जे चाखलंच नाही त्याचे नंबर कुठून देणार? माझी भाजी चांगली झाली होती. साऱ्यांत चांगली!

२५ जुलै

मालती बहेनजीनं बोलावून घेतलं. आमच्या गृहविज्ञानाच्या. "एकटी असली म्हणून काय झालं? शाळा सुटली का रसोईच्या खोलीत येत जा. मी शिकवते." कोण करते एवढं? घरी येताना एकटीच हसत होती. लोक म्हणत असतील, वेडी झाली.

५ सप्टेंबर

गोटमार. सारं गाव नदीवर, दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकायले. आत्याही गेली. इथपर्यंत आरडाओरडा ऐकू येऊन राहिला. घरी बोलायले कोणीच नाही.

१८ सप्टेंबर

आज फोडणी जाळली. बहेनजी ओरडली, "नर्स होशील का जल्लाद?" दोघीही हसलो.

परीक्षेत आपण स्वतः चाखलं तर नंबर कटतात. म्हणून आतापासून सवय — मी चाखायचं नाही, बहेनजी चाखणार. मले हात धुवायले नळावर पाठवते. मी परत येईपर्यंत ती पदरानं तोंड पुसत उभी. "झकास!" किंवा "जरासं तिखट झालं." मग मी डबा भरून आत्यासाठी नेते. आत्याले काहीही द्या, ती मान डोलावते. दिवसभर संत्र्याच्या वाडीत राबून आलेल्या बाईले चवीचं काय विचारता!

९ नोव्हेंबर

बहेनजीनं दिवाळीचे शंकरपाळे आणले, फक्त माझ्यासाठी. जामसांवलीले जाऊन माझ्या नावानं मारुतीले नारळही बोलली म्हणे! मी म्हटलं, बहेनजी, आमच्यात नवस नसतो. "तुमच्यात नसू दे, माझ्यात आहे ना!" आई इथं नाही तर देवानं — नाही, देवानं नाही — कोणीतरी मले ही बाई दिली.

२ जानेवारी १९८७

शाळेच्या फोटोत नवव्या वर्गाच्या पोरींनी मले मागं उभं केलं. एक म्हणते, "दीदी, तुम्ही शिकवायले आल्या काय?"

१७ फेब्रुवारी

प्रॅक्टिकल झालं.

गाडी लेट, म्हणून परीक्षक दुपारी आली. म्हातारी, दमलेली, काखेत थैली. एका पोरीसाठी एवढ्या दुरून! काय बनायचं, विचारलं. नर्स, म्हटलं. मी चिठ्ठी उचलली — टायफाइडच्या रोग्यासाठी जेवण. मुगाची पातळ खिचडी टाकली. शिजल्यावर बहेनजीनं नेहमीसारखं नळावर पाठवलं. आली तर तोंड पुसत म्हणते, "चाखली मी. एकदम बरोबर झाली. बिनधास्त वाढ."

वाढली. परीक्षकानं मोहल्ला विचारलाच नाही. सरळ चमचा उचलून तोंडात घातला. आता जीव गेला तरी चालेल, असं वाटलं मले! अन् ती म्हणाली, "नमक कहाँ है?"

मीठच टाकलं नव्हतं मी! घाबरून विसरली. एक चिमूटही नाही. लहान लेकरालेही समजलं असतं.

परीक्षक हसली. "इससे तो मरीज बिस्तर छोड़कर भाग जाएगा, नर्स बाई." मीठ मागितलं, कालवलं अन् सारी खिचडी खाल्ली. सकाळपासून उपाशी होती बिचारी. मी बहेनजीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहून राहिली होती.

१८ फेब्रुवारी

काल चाखली नव्हती. मग आधी कधी चाखली? सात महिने मी नळावर जात होती अन् ती नुसतं तोंड पुसत होती!

त्या मागच्या परीक्षकाले मनात शिव्या तरी देता येतात. हिले कशा देऊ? हिनंच तर शिकवलं. शंकरपाळे दिले, नारळ बोलली, सारं दिलं. माझ्या हातचं घेतलं मात्र काहीच नाही. वाईट बाई असती तर किती सोपं झालं असतं! फार दुखून राहिलं.

आत्याले सांगितलं. ती भाकर थापता थापता म्हणाली, "तुले आत्ता समजलं काय वो?"

२३ फेब्रुवारी

बहेनजीनं विचारलं, येत काहून नाही? लेखी पेपराचा अभ्यास आहे, म्हटलं. "हो, हो," म्हणाली. तिलेही समजलं असेल.

३ जून

पास! प्रॅक्टिकलही पास! भैय्याजी म्हणाले, "जुन्या कोर्सात शंभर टक्के रिझल्ट!" ह्या वेळी मीही हसली. नर्सिंगचा फॉर्म बाबा उद्या आणतात. शाळेच्या फाटकाशी थोडा वेळ उभी राहिली. मग बहेनजीले न भेटताच घरी आली.

५ जून

बहेनजीचा निरोप आला — पेढे कुठं आहेत? आत्या म्हणे, घरीच खवा आटवू. नको म्हटलं. हलवायाच्या दुकानातून डबा घेतला, बांधलेली सुतळी तशीच ठेवून नेला. बहेनजीचे डोळे भरून आले. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग सुतळी सोडली अन् माझ्यासमोर दोन पेढे खाल्ले.