इंग्रजीतली हरकत

मु. पो. आपलंच गाव, ता. तासगाव

दोस्त मौला यास नाथाजीचा सलाम, आणि मागोमाग रामराम.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, तेव्हा ते लिहिलं आहे असं धरून चाल. खरं तर क्षेम नाही. गुडघा दुखतो, म्हैस आटली, आमची शालूबाई माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि तू गाव सोडून मलकापूरला लेकाकडं, वसीमकडं गेल्याला अकरा महिने झाले. मेहरुनवहिनींची साखर कशी आहे? (तिकडंही चोरून पेढे खात असतील. वसीमच्या बायकोला डबा वरच्या फळीवर ठेवायला सांग.) तुला मी सात वेळा फोन केला. सातही वेळा तो वाजून वाजून गप्प झाला. पत्राचं तसं नसतं, पोस्टमन ते दारात टाकून जातो आणि मग ते कुणाला तरी उचलावंच लागतं, म्हणून लिहायला बसलो.

सांगायचं म्हणजे, हसू नकोस, मी सांगलीला इंग्रजीच्या क्लासला जातो. वय सदुसष्ट. दर मंगळवारी आणि शनिवारी भाकरी बांधून घ्यायची, एसटी धरायची आणि एका वाचनालयाच्या माडीवर जाऊन बसायचं. तिथं आम्ही सात म्हातारे आहोत. शिकवायला जीनत मिस म्हणून पोरगी आहे, आमच्या धाकट्या लेकीएवढी, प्रियदर्शनीएवढी असेल. पहिल्या दिवशी ती आत आली आणि मी सवयीनं ताडकन उठून कडक सॅल्यूट ठोकला. ती बिचारी घाबरून दाराबाहेर गेली. मला वाटलं होतं गुड मॉर्निंग, थँक्यू असलं शिकवतील, पण तेवढं पलटणीतच शिकलो होतो. मिस म्हणाल्या, तुम्ही लोक रोज पेपर वाचता, मग पेपरातले शब्द शिकू या. आणि फळ्यावर तीन शब्द लिहिले. अनजस्टिस म्हणजे अन्याय, एम्पथी म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपलं मानणं, आणि फ्रीडम ऑफ एक्स्प्रेशन म्हणजे मनातलं न भिता बोलणं. मला हे शब्द फार बरे वाटले. अन्याय असं मराठीत म्हटलं की तो आपल्याच गल्लीत झाल्यासारखा वाटतो. अनजस्टिस म्हटलं की लांब कुठंतरी विलायतेत झाला असेल, आपला काय संबंध, असं वाटून जिवाला जरा आराम पडतो.

आराम पहिल्या आठवड्यापुरताच होता. मिसनी घरचा अभ्यास दिला, तीन शब्द, तीन वाक्यं, आणि तिन्ही स्वतःच्या आयुष्यातली. आमच्यात लालासाहेब म्हणून हळदीचे व्यापारी आहेत. त्यांचा अनजस्टिस म्हणजे सून चहात साखर घालत नाही. मी लिहिलं की एसटीचा कंडक्टर मला दर वेळी मागच्या चाकावरची सीट देतो. मिसनी वही बघितली आणि म्हणाल्या, आजोबा, तुमच्यावर झालेला सगळेच लिहितात, तुमच्यासमोर दुसऱ्यावर झालेला लिहा. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. तास संपेपर्यंत निम्मी पेन्सिल संपली.

फ्रीडम ऑफ एक्स्प्रेशनसाठी प्रत्येकानं पुढं येऊन दोन मिनिटं मनातलं बोलायचं होतं. मी सावधान उभा राहिलो आणि माझा नंबर, रँक, नाव आणि पलटण सांगितली. पुढं काही निघेना. बावीस वर्षं हवालदारकी केलेल्या माणसाच्या मनात एवढंच निघावं याची मलाच लाज वाटली. (लालासाहेब मात्र सुनेवर अकरा मिनिटं बोलले. त्यांना थांबवायला खालून वॉचमन आणावा लागला.)

राहिली एम्पथी. ती मी घरी करून बघितली. दुसऱ्याच्या जागी जाऊन बसायचं असं मिसनी सांगितलं होतं, म्हणून एका दुपारी शालूबाईला उठवलं आणि तिच्या जागी चुलीपुढं बसलो. दोन भाकरी करपल्या, तिसरी विस्तवात पडली. ती म्हणाली, “आवं, माज्या जागंवर बसायचं तर पाटं पाचला उठून बसा. ही काय येळ हाय व्हय?” आणि मग लागलीच म्हणाली, “ज्याच्या जागंवर जाऊन बसाय पायजे, तिकडं जावा की.” चाळीस वर्षांत या बाईनं मला एकदाही नेम चुकवून काही मारलेलं नाही.

म्हणून मी तुझ्या दाराच्या पायरीवर जाऊन बसलो. कुलूप गंजलंय, जास्वंद वाळलीय (रोज पाणी घालतोय, तरी वाळलीच). तिथून समोर माझं दार दिसतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी कायम माझ्या दारातून तुझं दार बघत आलो. तू टेम्पोत सामान भरलंस त्या दिवशी तुला तिथून काय दिसलं असेल ते मला बसल्याबसल्या दिसलं. माझं दार बंद होतं. मी घरातच होतो, मौला. कडी लावून पेपर वाचत होतो, आणि पेपर उलटा होता. चहावाला तानाजी मला पायरीवर बघून कप घेऊन आला. त्याला वाटलं, माझं बायकोशी वाजलंय. “बसा तात्या, हुतंय आसं,” म्हणाला. मी चहा घेतला आणि मला रडू आलं.

आता मिसच्या वहीत जे लिहिता आलं नाही ते लिहितो. गेल्या चैत्रातली यात्रा कमिटीची बैठक. पालखीपुढं पहिली मशाल तुझ्या घरची, ही तुझ्या आज्याच्याही आधीची चाल. तू मशाल धरायची आणि मी बाजूनं तेल घालत चालायचं, हे मी पेन्शनीत आल्यापासूनचं. आणि माझाच पुतण्या वीरधवल, कमिटीचा अध्यक्ष, कॉलर ताठ करून म्हणाला की औंदा जनरेटरचे दिवे लावू, मशालीची गरज न्हाई. दिव्यांचं निमित्त होतं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते तोंडातून काढलं नाही. तू दाराजवळ मांडी घालून बसला होतास. वीरधवलनं विचारलं, “कुणाची हरकत?”

तुला पलटणीतला दरबार सांगितलाय ना मी? महिन्यातून एकदा सगळी कंपनी गोळा करायची आणि साहेबानं विचारायचं, किसीको कोई तकलीफ? वाळवंटात अठरा दिवस बटाट्यात मीठ नव्हतं, तरी दीडशे माणसं एका दमात ओरडली होती, नहीं साहब! ते बावीस वर्षं अंगात मुरलंय. वीरधवलनं हरकत विचारली, बाकीचे खाली बघत होते, आणि मी, एकटा मी, ताडकन उभा राहून ओरडलो, “नहीं साहब!” लोक हसले. कमिटीची वही लिहिणाऱ्या कोंडीबानं लिहून घेतलं, माजी सैनिक नाथाजी यांची हरकत नाही. मग बाकीच्यांना बोलायचं काही कारणच उरलं नाही. तू उठलास, टोपी नीट केलीस आणि गेलास. तोंडातून चुकून गेलं, हे त्याच क्षणी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. मी अकरा महिने घेतले आणि वर इंग्रजी शिकायला गेलो.

असो. वसीमला आशीर्वाद, वहिनींना सलाम. उन्हाळा आहे, दुपारचा बाहेर पडू नकोस.

तुझा (अजून आहे असं समजून)
नाथाजी

ता. क. यंदाची बैठक परवा झाली. पुन्हा जनरेटर, पुन्हा “कुणाची हरकत?” मी मिसकडून सहा ओळींचं इंग्रजी लिहून घेऊन गेलो होतो, पण चष्मा घरी राहिला. म्हणून नुसतं म्हणालो, “माजी हरकत हाय. मौलाची मशाल काढली ह्यो अन्याय हाय. गेल्या साली मी न्हाई म्हणालो, ती माजी चूक हाय.” वीरधवल म्हणाला, “काका, खाली बसा.” मी बसलो नाही. गुडघा दुखेपर्यंत उभा होतो. दुसरं कुणी उठलं नाही, ठराव झाला. पण कोंडीबानं हळूच विचारलं, “लिव्हू का?” मी म्हटलं, “लिव्ह.” तेवढं लिहिलं गेलं.

आणखी ता. क. जाताना तू मशालीचा दांडा माझ्या गोठ्याच्या खुंटीला अडकवून गेलास. (आवाज ऐकला होता. तरीही बाहेर आलो नाही.) येत्या शुक्रवारी दिवेलागणीला पालखी निघेल. कमिटी काही म्हणो, तुझ्या पायरीपासून देवळापर्यंत ती मशाल मी नेणार. पण दांड्याला कापड कसं गुंडाळायचं ते मला येत नाही. शालूबाईच्या जुन्या लुगड्यावर तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा पेटतं कापड सुटून खाली आलं. एक चप्पल जळाली. तेल घालायचं सोडून मी काही शिकलोच नाही, तू होतास म्हणून. तू ये आणि कापड गुंडाळून दे. गुंडाळता गुंडाळता मला जे काय बोलायचं असेल ते बोल, पार आईबापापर्यंत जा. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही. गप्प बसायची मला चांगली सवय आहे.