खोटी पेशंट

३ एप्रिल, शुक्रवार

प्राचार्यांनी बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. जिना चढताना सगळे गुन्हे आठवून पाहिले. मागच्या आठवड्यात सरावाच्या तासाला पलंगावर डोळा लागला होता. घोरलेसुद्धा, असं मुली सांगत होत्या. तेच असणार.

तसं काही नव्हतं. म्हणाले, "मावशी, यंदा निरोप समारंभात तुम्ही बोला. मुलांना धीराचे दोन शब्द."

म्हटलं, सर, मला पेशंट म्हणून पडून राहायचा पगार मिळतो, बोलायचा नाही. ते हसले. "दरवर्षी पाहुणे येतात, मोठंमोठं बोलतात, पोरं जांभया देतात. या पोरांनी दोन वर्षं तुम्हाला उचललंय, भरवलंय, तुमचं अंग पुसलंय. तुमचं ऐकतील."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "बरं" बाहेर पडलं. माझं हे नेहमीचंच.

घरी ह्यांना सांगितलं. हे कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाले, "तू धीर देणार? झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतेस." खरं आहे ते. म्हणून जास्त राग आला.

५ एप्रिल, रविवार

भाषण लिहायला बसले. "प्रिय मुलांनो, घाबरू नका." पुढे गाडी अडली. जिला जिन्यातल्या अंधाराची भीती वाटते, तिने हे कुणाला सांगावं?

मग विचार केला, मला येतं काय? मला पडून राहता येतं. लोकांना वाटतं, त्यात काय मोठं! पण चांगल्या माणसाला उचलायला जा — तो नकळत अंग आवरतो, पाय टेकतो, मदत करतो. मी करत नाही. रुग्णसेवेच्या वर्गात चिठ्ठीवर जे लिहिलेलं असेल ते मला होतं. खुबा मोडतो, दम लागतो, लकवा तर इतक्यांदा झालाय की मोजदाद नाही. आणि पाच वाजता मी चपला घालून घरी येते.

हे आईकडून शिकले. आई शेवटची तीन वर्षं पलंगावर होती, डावी बाजू गेलेली. गेलेला हात किती जड असतो ते मला तेव्हा कळलं. नोकरीसाठी आले तेव्हा सिस्टरबाईंनी — वर्ग त्यांचा, आधी हॉस्पिटलात नर्स होत्या — माझा हात वर उचलून सोडून दिला. तो आईच्या हातासारखा पडला. लगेच ठेवून घेतलं.

अक्षर आज फार वाकडं येतंय. डावखुऱ्या माणसाचं वाकडंच, पण इतकं नाही. पेन बदलायला हवं.

८ एप्रिल, बुधवार

वाटेत डाव्या पायातली चप्पल निघून गेली. मला पत्ताच नाही. मागून एक बाई हातात घेऊन धावत आली, "अहो, ही तुमची ना?" पट्टा सैल झालाय. शिवून आणायला हवा.

भाषणाच्या तीन ओळी झाल्या. तिन्ही खोट्या.

उद्या शेवटची परीक्षा. सगळ्यांपेक्षा घुमीची काळजी वाटते. नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. बोलतच नाही ना! बाकीच्या मुली पेशंटशी गोड बोलतात. चटकचांदणी — हेही नाव माझंच — "मावशी, आज किती छान दिसताय" म्हणत बेडपॅन सरकवते. घुमी नुसती बघते. बघते आणि हात लावते. तिचा हात लागला की बरं वाटतं, पण अंगाने काडी. मला पलंगावरून खुर्चीत घेताना तिचा जीव निघतो. वृद्धाश्रमात एक मेपासून जागा ठरली आहे तिची, मात्र प्रमाणपत्र घेऊनच यायचं. घरात कमावणारी तीच व्हायची आहे.

म्हणून ठरवलंय, तिच्या पाळीला थोडी चोरी करायची. चिठ्ठीप्रमाणे अंग सोडायचं, पण जो हात चालता असेल त्याने तिच्या खांद्याला धरून हळूच जोर द्यायचा. सिस्टरबाईंना टेबलावरून दिसत नाही. आधीही केलंय, दोन-तीनदा. चटकचांदणीसाठीसुद्धा!

९ एप्रिल, गुरुवार

फार वाईट झालं.

सकाळपासून एकेक जण येऊन मला उचलून गेला. चटकचांदणीने बोलबोलून कान किटवले, पण खुर्चीत नीट ठेवलं. मग घुमी. तिची चिठ्ठी — उजवा खुबा मोडलेला, डावी बाजू चांगली. मला हायसं वाटलं. माझा जोराचा हात मोकळा.

तिने मला पलंगाच्या कडेला बसवलं. पाय टेकवले. म्हणाली, "मावशी, डाव्या हाताने माझा खांदा धरा."

"धरलाय."

"नाही धरलेला."

खाली बघितलं. हात माझ्या मांडीवर होता. मी शपथेवर सांगितलं असतं की तो तिच्या खांद्यावर आहे.

ती थांबली. खाली वाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "हसा बरं."

"अगं उचल, वेळ जातोय."

"हसा." हसले. "आता दोन्ही हात वर करा."

टेबलावरून सिस्टरबाई म्हणाल्या, "हे चिठ्ठीत कुठे आहे?" घुमी त्यांच्याकडे वळली. तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं — "बाई, मावशींना खरंच काहीतरी होतंय, डॉक्टरांना दाखवायला पाहिजे, मी यांना उचलणार नाही."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. सिस्टरबाईंनी विचारलं, "काय हो, काही होतंय का?"

मी म्हटलं, "छे, कुठे काय. हात जरा आखडला होता."

तोवर तो आलाच होता ताळ्यावर. हलवून दाखवला. त्यांनी बीपी बघितलं, थोडं जास्त निघालं. "मुलींपेक्षा तुम्हालाच परीक्षेचं टेन्शन," असं म्हणाल्या. मग घुमीकडे वळून, "उचलायला जमत नव्हतं तर तसं सांगायचं. पेशंटवर ढकलायचं नाही." नापास.

घुमीने चादर सारखी केली. जाताना वाकून माझ्या डाव्या पायात चप्पल नीट बसवून गेली.

१० एप्रिल, शुक्रवार

हाताला काही झालेलं नाही. झाडलं, कपडे धुतले, पिळले, वाळत घातले. सगळं केलं. एक कप फुटला. ओला होता.

१३ एप्रिल, सोमवार

पुन्हा प्राचार्यांकडे. दार लावून घेतलं त्यांनी. "मावशी, नीट आठवून सांगा. त्या दिवशी खरंच काही झालं होतं का? झालं असेल तर तिची परीक्षा परत घेतो. हे तुम्हीच सांगू शकता, दुसरं कोणी नाही."

मला नियम माहीत आहे. पेशंट म्हणून पडणारं माणूस धडधाकट लागतं. खरं आजारी माणूस शिकाऊ मुलांच्या हातात कोण देईल? हो म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून पलंग बंद. ह्यांच्याकडे हल्ली घड्याळं येतात किती! घर माझ्या पडण्यावर उभं आहे.

पण हे झालं वरवरचं. खरं इथे लिहिते. हो म्हटलं की डॉक्टर, आणि डॉक्टर म्हटलं की आई. तिचं वाकडं झालेलं तोंड. चमच्याने भरवताना गालावरून ओघळणारं पाणी. मला तो पलंग नको. रोज पाच वाजता ज्यावरून उठता येतं तोच हवा.

"नाही सर. काही नव्हतं झालं."

बाहेर पडले तर फाटकापाशी घुमी. वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. जवळ आली आणि म्हणाली, "मावशी, पिशवी उजव्या खांद्याला घेत जा." एवढंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ एप्रिल, मंगळवार

एक तारीख जवळ आली. तिची जागा दुसऱ्या कुणाला देतील.

१७ एप्रिल, शुक्रवार

भाषण पाठ झालं. ह्यांच्यासमोर म्हणून दाखवलं. घाबरू नका. आपल्या हातांवर विश्वास ठेवा. अपयशाने खचू नका. हे म्हणाले, "छान आहे." मग भिंग काढून ठेवलं. हे भिंग काढतात तेव्हा मला धडकी भरते.

"कप किती फोडलेस गं या आठवड्यात?"

मी उठून भांडी आवरायला लागले.

"आणि तुझ्या ड्रेसची बटणं मी लावतोय चार दिवस. तू सांगत नाहीस, म्हणून मी विचारत नाही. असं किती दिवस चालवायचं?"

रडले मग. सगळं सांगितलं. घुमीचंही. हे म्हणाले, "घड्याळ बंद पडायच्या आधी मागे पडायला लागतं. लोक तेव्हा आणत नाहीत. बंद पडल्यावर घेऊन येतात." मला रागच आला. बायकोशी बोलताहेत की गिऱ्हाइकाशी! पण ते डोक्यातून जात नाही.

उद्या सांगेन. म्हणजे समारंभ झाल्यावर. पोरांचा आनंदाचा दिवस, त्यात माझं रडगाणं कशाला? भाषण भाषणासारखं करीन आणि मग प्राचार्यांना बाजूला घेऊन सांगेन. ह्यांना तसं वचन दिलंय.

१८ एप्रिल, शनिवार

हॉस्पिटलात लिहितेय. वही पिशवीत होती म्हणून बरं.

सकाळी ह्यांना घेऊन हॉलवर गेले तर घुमी खुर्च्या मांडत होती. तिला प्रमाणपत्र मिळणार नव्हतं, कोणी बोलावलंही नव्हतं. तरी आली होती. सगळे बसल्यावर ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

माझं नाव पुकारलं. कागद उजव्या हातात धरला — हल्ली त्यातच धरते. "प्रिय मुलांनो, घाबरू नका." पुढची ओळ होती, आपल्या हातांवर विश्वास ठेवा. वर बघितलं. पहिल्या रांगेत चटकचांदणी, नवे कपडे, नटूनथटून. आणि शेवटी भिंतीपाशी घुमी. तिने ठेवला होता की विश्वास. म्हणूनच नापास झाली. माझ्यामुळे.

ती ओळ तोंडातून निघेना. कागद खाली ठेवला.

म्हटलं, "दोन वर्षं मी तुमच्यासमोर आजारी असल्याचं सोंग केलं. नऊ तारखेला बरी असल्याचं केलं. तुमच्यातल्या एकीने ते ओळखलं, आणि मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. कारण मी घाबरले. घाबरू नका, असं मी नाही सांगू शकत. तुम्हालाही भीती वाटेल. वाटू दे. पण पेशंट म्हणाला, मी बरा आहे, तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. हात लावून बघा. तिने बघितलं तसं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिस्टरबाई उठल्या. म्हटलं, आता चांगलीच खरडपट्टी निघणार. त्या सरळ मंचावर आल्या. "डोळे मिटा. दोन्ही हात पुढे धरा." धरले. "उघडा." उजवा पुढे होता. डावा खाली आला होता. मला मात्र दोन्ही वरच वाटत होते.

सिस्टरबाईंचा चेहरा पडला. मागे वळून भिंतीकडे हात केला. "ये गं. पेशंट तुझी आहे. मी चुकले."

गाडीत घुमी माझ्या डाव्या बाजूला बसली. हे उजव्या बाजूला. पलीकडे प्राचार्य कुणाला तरी फोन करत होते. सिस्टरबाई पुढे बसून सारख्या मागे बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, आज आलात हे चांगलं केलंत, इथेच राहा, उद्या सगळ्या तपासण्या करू.

तर आता खरा पलंग. चादर आमच्यापेक्षा पातळ आहे. इथल्या मुलीने मला कुशीवर वळवताना आधी गुडघा दुमडला नाही. आमच्याकडे असं केलं असतं तर मार्क गेले असते. हे सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं. आज पुरेसं बोलले.

हे खुर्चीत बसल्या बसल्या पेंगताहेत. भीती वाटतेय. फार वाटतेय. पाच कधीच वाजून गेले.

६ मे, बुधवार

उजव्या हाताने लिहितेय. पहिलीतल्या पोरीसारखं.

लकव्याचा झटका त्याच रात्री, रविवारी पहाटे आला. डॉक्टर म्हणतात, घरी असतात तर आज बोलायलाही राहिला नसतात.

घुमीची परीक्षा सिस्टरबाईंनी इथेच घेतली, माझ्यावरच. चिठ्ठी नव्हती. पास झाली. वृद्धाश्रमातून सुटली की रोज संध्याकाळी येते.

आज तिने मला पलंगाच्या कडेला बसवलं. "मावशी, डाव्या हाताने माझा खांदा धरा."

"धरलाय."

"नाही धरलेला," म्हणाली. "पण धराल."