प्रस्तावनेतला भाचा

७ मार्च, शुक्रवार
पहिलीचा वर्ग, शाळा सुटल्यावर

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं तरी तू चढणारच, म्हणून नुसतं विचारते. इकडे सगळे बरे. यांचा खोकला गेला, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. तुझा भाचा रविवारी येऊन गेला. स्वयंपाकघरातला गळका नळ नीट करून दिला आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "मावशीला सांगितलंस का?" मी म्हटलं, सांगते. तर आज सांगायला बसले आहे.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी "हो ताई" म्हणते, हे आपलं जन्मभर चाललं आहे. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

आधी बातमी. पहिलीला वाचन शिकवायला कोणता कार्यक्रम घ्यायचा, ते आज दुपारी ठरलं. तू लिहिलेला संच निवडला गेला नाही. तीन विरुद्ध दोन मतं पडली. तिसरं मत माझं होतं. शाळेचं रीतसर पत्र तुला आठवड्याभरात येईल, पण त्याआधी हे माझ्याकडून कळावं एवढी लाज मला अजून आहे.

आता घोटभर पाणी पी आणि पुढचं वाच.

टेबलावर तीन खोकी होती. पहिलं तुझं. नवी आवृत्ती, गुळगुळीत कागद, पानभर चित्र आणि खाली एक ओळ. दुसऱ्यात पुस्तकं कमी आणि टॅब जास्त. मुलाने काहीही दाबलं तरी आतून टाळ्या वाजायच्या. विकायला आलेल्या पोरसवदा माणसाने स्वतः चुकीचं बटण दाबलं, त्यालाही टाळ्या मिळाल्या. तिसरं खोकं सगळ्यांत गरीब. पातळ, काळ्यापांढऱ्या पुस्तिका. पहिल्या आठवड्यात चार अक्षरं आणि एक काना, की लगेच त्यांतूनच वाचायला लावायचं: काका, मामा, कान, नाक, बाक. जे अक्षर शिकवलेलं नाही ते पुस्तकात येतच नाही. रोज दहा मिनिटं अक्षरांचे आवाज जोडायचे, ज्याला हल्ली फोनिक्स म्हणतात, आणि शुक्रवारी एकेका मुलाला जवळ घेऊन बघायचं, कुठे अडतंय ते.

तू महिन्यापूर्वी फोनवर म्हणालीस, "ती फोनिक्सची पुस्तकं म्हणजे नुसती हाडं गं. मुलांना आधी गोष्टीची गोडी लागू दे, अक्षरं येतील मागून." आणि लगेच, "तुझं मत मी धरूनच चालले आहे हं." मी हसले आणि म्हटलं, हो ताई.

त्यानंतर तुझ्या नव्या आवृत्तीच्या नमुना प्रती वर्गात वापरायला आल्या. त्यांत छापखान्याने एक घोळ घातला आहे, तुला अजून कुणी सांगितलं नसेल. पुढच्या पानाचं चित्र आधीच्या पानावर आलं आहे. "खुंटीवर टोपी आहे" या ओळीवर तळ्यातलं बदक, बदकाच्या ओळीवर गाडी, असं शेवटपर्यंत.

दोन दिवस आम्ही ते पुस्तक वाचलं. सत्तावीस मुलं, खणखणीत आवाजात, "तळ्यात बदक आहे!" आणि मी मान डोलावते आहे. मलाही कळलं नाही, ताई. इतकी वर्षं ते पुस्तक मला पाठ आहे, मीसुद्धा चित्रच बघत होते.

तिसऱ्या दिवशी आमच्या गोगलगाईची पाळी आली. ही वर्गातली सगळ्यांत सावकाश मुलगी. डबा उघडायलाही तिला मधली सुट्टी पुरत नाही. आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवतात, त्यांच्याजवळ बसून ती ब्रशने अक्षरं गिरवते. तिने बोट ठेवलं आणि सुरू केलं, "खुं... टी... व... र..."

मी म्हटलं, "अगं, चित्र बघ की. खुंटी दिसते का कुठे?"

वर्ग हसला. तिने चित्र बघितलं. परत ओळ बघितली. बोट उचललं नाही.

"बाई, बदक आहे खरं. पण इथे तसं लिहिलेलं नाही."

आणि मी काय केलं सांगू? मी तिला खाली बसवलं. वर "लक्ष कुठे असतं तुझं?" असंही म्हटलं. वर्गात एकच मूल वाचत होतं, आणि मी त्यालाच गप्प केलं.

मधल्या सुट्टीत पुस्तक उघडून ओळ न् ओळ वाचली, तेव्हा चित्रांचा घोळ दिसला. दुपारी एकेकाला टेबलाशी बोलावलं, चित्रावर माझा पंजा ठेवला आणि म्हटलं, आता वाच. सत्तावीसपैकी चौघांनी वाचलं. बाकीची तेवीस पुस्तकाकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, तिथून काही उत्तर मिळतंय का म्हणून.

ती नजर मी आधी एकदा बघितली होती. आता ते सांगते, जे मी तुझ्यापासून बावीस वर्षं लपवलं.

तुझा भाचा पाच वर्षांचा असताना तू त्याला स्टेजवर उभं केलंस आणि त्याने तुझं अख्खं पुस्तक घडाघडा वाचून दाखवलं. केवढ्या टाळ्या! पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तू ते लिहिलंस: "माझा भाचा पाचव्या वर्षी अस्खलित वाचू लागला, तो याच पद्धतीने." दर आवृत्तीत ते वाक्य तसंच आहे. मला पाठ आहे.

तो तिसरीत असताना मला एक दिवस यायला उशीर होणार होता. दारावर चिठ्ठी लावली: "चावी शेजारी आहे." आले तर तो पायरीवर बसलेला. दोन तास. तहानेने ओठ सुकलेले, चड्डी ओली. म्हटलं, "अरे, चिठ्ठी नाही वाचलीस?" तर म्हणाला, "वाचली. पण मला इथेच बसायचं होतं." आठ वर्षांचं पोर, आणि खोटं इतकं सफाईने बोललं! रात्रीच्या जेवणाआधी मी त्याच्यापुढे तुझंच पुस्तक धरलं आणि चित्र झाकलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

पुढचं वर्षभर स्वयंपाकघरात, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मी त्याला एकेक अक्षर आणि एकेक आवाज शिकवला. कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास, ही नोकरी तुझ्या शब्दावर मिळाली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि माझं पाप त्याहून मोठं आहे. आमचंच पोर जरा मंद, अशी मी समजूत करून घेतली आणि इथे वर्गात तुझाच संच चालवत राहिले. कारण तो सोपा होता, मुलं हसत होती, पालक खूश होते. दुसरीच्या बाई दरवर्षी म्हणायच्या, "तुमच्याकडची मुलं गोष्ट फार छान सांगतात हो." मला ते कौतुक वाटायचं. आज त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अहो, अक्षरं मी पहिल्यापासून शिकवते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." म्हणजे तुझ्यासाठी मी गप्प आणि माझ्यासाठी त्या गप्प. मधल्यामध्ये मुलं भरडली गेली.

आजच्या बैठकीत मोठ्या बाईंनी तुझी प्रस्तावनाच वाचून दाखवली. भाच्याच्या वाक्यावर थांबून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तुमचेच चिरंजीव ना? मग हातच्या काकणाला आरसा कशाला!" पालकांच्या वतीने आलेले दातांचे डॉक्टर हसले. मी पण सवयीने हसायला तोंड उघडलं.

आणि उभी राहिले. म्हटलं, "ते वाक्य खोटं आहे. माझा मुलगा आठव्या वर्षापर्यंत वाचत नव्हता. त्याला मी शिकवलं, आणि या पद्धतीने नाही." पायरीची गोष्ट सांगितली. गोगलगाईची सांगितली, मी तिला कसं बसवलं त्यासकट. मग तुझं पुस्तक डॉक्टरांच्या पुढे केलं आणि म्हटलं, तुमच्या लेकीला आज घरी चित्र झाकून वाचायला द्या. ते मानले नाहीत, मोठ्या बाईही नाहीत. लायब्ररीवाले काका मात्र म्हणाले, "माझ्याकडे मुलं पुस्तक घेतात ती चित्रं बघून परत करतात. मला वाटायचं, हल्लीची मुलंच अशी." त्यांचं मत, दुसरीच्या बाईंचं आणि माझं, तिन्ही तिसऱ्या खोक्याला. झालं.

ताई, तू पहिल्यापासून चुकीचीच होतीस असं मी म्हणत नाही. आपल्याला छडी खात मुळाक्षरं घोकावी लागली. अर्थ कुणी सांगितला नाही, गोष्ट कुणी वाचून दाखवली नाही. तू त्याविरुद्ध उभी राहिलीस, तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. तुझ्या गोष्टी मी टाकणार नाही. रोज शेवटच्या तासाला मी मुलांना त्या वाचून दाखवीन. पण वाचून मी दाखवीन. मुलांनी वाचलं असं म्हणणार नाही.

माझं मागणं एकच आहे. पुढच्या आवृत्तीतून ते भाच्याचं वाक्य काढ. नाही काढलंस तर मी प्रकाशकांना सही करून कळवीन, आणि पोकळ धमकी द्यायची मला सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. नाराज हो, माझ्याशी बोलू नकोस, घरी आले तर दार उघडू नकोस. मी माघार घेणार नाही. सोमवारी सकाळी मी आधी गोगलगाईची माफी मागणार आहे, वर्गासमोर, कारण बसवलंही वर्गासमोरच होतं.

आणि बोलायचंच असेल तर गुरुवारी साडेनऊला माझ्या वर्गात ये. मूल तू निवड, पान तू काढ. चित्रावर हात तुझाच ठेव, म्हणजे मी लबाडी केली असं वाटायला नको.

सोबत ती दारावरची चिठ्ठी पाठवते आहे. बटणांच्या डब्यात जपून ठेवली होती. रविवारी तुझ्या भाच्याला दाखवली. त्याने ती मोठ्याने वाचली, पेन मागितला आणि पाठीमागे तुझ्यासाठी लिहिलं:

"मावशी, गोष्टी मला तुझ्याच आवडायच्या. वाचायला आईने शिकवलं."

या वेळी "हो ताई" न म्हणणारी,
तरीही तुझीच,
धाकटी